जाळीआडचा एसी

मस्कतमधल्या हमरियाच्या आमच्या घरात पाहुणा शिरला की त्याची नजर आधी एसीवर जायची. जाणारच. हॉल एकच, आणि त्याच्या समोरच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर बसवलेला तो जुनाट विंडो एसी. पिवळा पडलेला, एक बटण तुटलेलं, आणि चालू झाला की ट्रक घाट चढतोय असा आवाज. घर भाड्याचं, एसी घरमालकाचा, आणि जोवर त्यातून गार हवा येत होती तोवर तो बदलून मिळणार नव्हता. नवरा म्हणायचा, "गार करतो ना? मग त्याच्या तोंडाकडे कशाला बघतेस?" सकाळी उठून कुरुमच्या चकाचक ऑफिसात जाऊन बसणाऱ्या माणसाला हे बोलायला काय जातं! दिवसभर त्या तोंडाकडे मी बघत होते.

घर नीटनेटकं दिसावं याचा मला सोस आहे. सोफ्यावरची उशी जरा वाकडी झाली तरी माझं बोलण्यात लक्ष लागत नाही. त्यात मोबाइलवर एकदा भलतीच चित्रं हाती लागली. थंड देशांतल्या लहान घरांत खिडकीखाली लोखंडी हीटर असतात, रेडिएटर म्हणतात त्यांना, आणि ते झाकायला लोकांनी काय काय केलेलं होतं! पांढऱ्या पट्ट्यांच्या पेट्या, वेताची जाळी, वर गुळगुळीत फळी, फळीवर दोन पुस्तकं आणि एक कुंडी. खोली टीचभर, पण काय देखणी! रेडिएटर मी जन्मात पाहिलेला नाही. मस्कतमध्ये तो कोण आणि कुठे बघणार? पण ती पेटी आमच्या एसीवर मला डोळे मिटूनही दिसायला लागली. तापणाऱ्या वस्तूवरचं झाकण गार करणाऱ्या वस्तूवर चालेल का, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तरी मी तो बाजूला सारला असता, मी स्वतःला ओळखून आहे.

प्रश्न होता करणार कोण. त्याच्या आधीच्या वर्षी शहराबाहेरच्या बरक्याच्या एका वर्कशॉपकडून आम्ही कपाट करून घेतलं होतं. ते बसवायला आलेला मिस्त्री रायगडच्या किनाऱ्यावरचा निघाला. पन्नाशीचा, पांढरी आखूड दाढी, कानावर पेन्सिल. मी मराठी बोलतेय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला होता. कपाटाचं दार त्याने असं बसवलं की उघडताना आवाज नाही आणि लावताना धक्का नाही. त्याचा नंबर मी तेव्हाच घेऊन ठेवला होता.

फोन केला तर तो म्हणाला, "वर्कशॉपला सांगा ना ताई."

वर्कशॉप एवढंसं काम घेणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हणाले, "तुम्हीच या. शुक्रवारी सुट्टी असते ना तुम्हाला?"

"ताई, आमचा व्हिसा अर्बाबचा, वर्कशॉपच्या मालकाचा. बाहेरचा काम करायचा नाय आम्ही. त्याला कळला तर खलास."

"अहो, पण कळणार कसं? चार भिंतींच्या आतलं काम. मी काय कुणाला सांगणार आहे?"

हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे आठवतात.

तरी तो दोन आठवडे नाहीच म्हणत होता. तिसऱ्या फोनवर त्याने विषय काढला, की थोरली पोरगी नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष आहे, खर्च वाढलाय, एवढं एक वर्ष निघालं की बास. त्याला नड होती हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणून मी आणखी गोड बोलले.

मार्चमधले तीन शुक्रवार तो बरक्याहून आला. जुम्म्याची नमाज करून दुपारी यायचा, हॉलच्या मधोमध जुनी चादर पसरायचा आणि कामाला लागायचा. लाकूड मी आणून ठेवलेलं. मी त्याला मोबाइलमधलं चित्र दाखवलं. त्याने ते लांब धरून पाहिलं, एसीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"ह्या चित्रातली मशीन वेगळी हाय ताई. ही आपली मशीन तोंडानं हवा ओढते नि तोंडानंच सोडते. पट्ट्या लांब लांब ठेवतो. मागं काय लावू नका."

"पण मग आतलं सगळं दिसेल."

"दिसू दे थोडा. एसीच हाय, चोरीचा माल हाय काय?" तो हसला. मीही हसले.

पेटी अप्रतिम झाली. आडव्या पट्ट्या, बटणांपुरती छोटी खिडकी, वर फळी. फळीच्या कडा त्याने हाताने इतक्या मऊ घासल्या होत्या की येता-जाता हात फिरवावासा वाटे. माझी मुलगी सातवीत आहे, तिचं मराठी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालतं. ती म्हणाली, "आई, सुपर दिसतो! पण त्याला सफोकेट नाही होणार?" मी तिला अभ्यासाला बस म्हटलं.

सगळ्यांनी कौतुक केलं. मैत्रिणींनी फोटो काढले, कुणाकडून केलं म्हणून विचारलं. तेव्हा मात्र मी शब्द पाळला, "आहे एक ओळखीचा" एवढंच म्हणाले. पण पट्ट्यांच्या फटींतून ते पिवळं तोंड अजून दिसायचं. संध्याकाळी दिवा लावला की जास्तच. मे महिन्यात मी रुवीच्या बाजारातून मोतिया रंगाचं कापड आणलं आणि पेटीच्या आतून, अगदी एकही सुरकुती न पडू देता, चिकटवून टाकलं. आता चित्र पूर्ण झालं. हवा जरा कमी यायची, तर बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं.

जूनमधल्या एका गुरुवारी नवऱ्याचे साहेब बायकामुलांसह जेवायला येणार होते. बाहेर ऊन असं की गॅलरीच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. दुपारी पुरण वाटत होते तर हॉलमध्ये काहीतरी ठिबकल्याचा आवाज. जाऊन बघते तो पेटीखालून पाणी, गालिचा भिजलेला, एसीतून नुसती घरघर, आणि मग खट्ट करून तीही बंद. दहा मिनिटांत घराची भट्टी झाली.

माझा राग नाकावर असतो हे आमच्याकडे सर्वांना माहीत आहे. मी मिस्त्रीला फोन लावला. उचलला नाही. कामावर असताना तो फोन बंद ठेवायचा, हेही मला माहीत होतं. पुन्हा लावला. पाचव्यांदा लावला. घाम डोळ्यांत जात होता, हाताला पुरण लागलेलं, आणि डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, काम करून मोकळा झाला, आता फोनसुद्धा घेत नाही. मग मी कपाटाचं जुनं बिल शोधून काढलं आणि त्यावरच्या वर्कशॉपच्या नंबरवर फोन केला.

ऑफिसातल्या माणसाने उचलला. मी नाव सांगितलं आणि हिंदीत तोंड सोडलं. तुमच्या मिस्त्रीने असलं काम केलं, माझा एसी गेला, गालिचा गेला, आत्ताच्या आत्ता पाठवा त्याला.

"बिल नंबर बोलिये, मॅडम."

"बिल नहीं है. वो फ्रायडे को आता था."

तिकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग तो माणूस एकदम गोड आवाजात म्हणाला, "कौन सा मिस्त्री, मॅडम?"

इथे मला थांबता आलं असतं. फोन कट करायला एक बोट पुरतं. नंतर मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं की रागात लक्षात आलं नाही, भान नव्हतं, त्या गोड आवाजाने फसवलं. खोटं आहे ते. त्या क्षणाच्या शांततेतच मला सगळं समजलं होतं. समजूनही मी म्हणाले, "वो दाढीवाला, रायगडवाला." त्याला धडा मिळू दे, असं मला वाटलं. अगदी हेच शब्द मनात आले.

तासाभराने घरमालकाने पाठवलेला एसीवाला आला. त्याने पेटी उचलून बाजूला ठेवली, आतलं कापड बोटाने टोचलं आणि म्हणाला, "मॅडम, आप ने इसका मुँह ही बंद कर दिया. अंदर पूरा बर्फ जम गया." आतला बर्फ वितळून गेल्यावर अर्ध्या तासात एसी पूर्वीसारखा घाट चढायला लागला. काहीही बिघडलं नव्हतं. साहेब आले, पुरणपोळ्या खाल्ल्या, पेटीचं कौतुक केलं. कापड मी ते यायच्या आत ओरबाडून काढून कचऱ्यात टाकलं होतं. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, "फिल्टर तुंबला होता."

वर्कशॉपला पुन्हा फोन करून सांगायला हवं होतं की माझी चूक झाली, तो माणूस माझ्याकडे कधी आलाच नाही. मी ठरवलं, शनिवारी करू. मग वाटलं, एवढ्याशावरून काय होणार आहे, ओरडतील फार तर. मग वाटलं, दुसऱ्याचा कामगार घरी बोलावणंही गुन्हाच, आपण कशाला पुढे व्हा? नवऱ्याची नोकरी आहे, मुलीची शाळा आहे. भित्र्या माणसाला कारणं किती भराभर सुचतात! शनिवार गेला, त्यापुढचाही गेला.

तिसऱ्या आठवड्यात त्याचाच फोन आला. वाटलं, आता शिव्या देणार. द्याव्यात असंही वाटलं.

"ताई, उद्या चाललो गावाला," तो म्हणाला. "म्हटला, सांगून जावा."

"सुट्टी?" मी विचारलं. असं विचारण्याचा निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला, देव जाणे.

"सुट्टी कसली? व्हिसा कॅन्सल. अर्बाबला कुणीतरी सांगितला, शुक्रवारी बाहेर जातो म्हणून. त्यानं बोलावून विचारला. मी हो म्हटला. नमाजी माणूस, खोटा कसा बोलू? पण कुणाकडे जातो ते लई विचारला त्यानं, ते नाय सांगितला. तुमचा नाव कुठं येणार नाय, तुम्ही भिऊ नका."

मी पलंगाच्या काठावर बसले. वर्कशॉपला माझं नाव पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. ते लपवायला हा माणूस मालकासमोर उभा राहून ऐकून घेत होता.

"आणि मुलीचं कसं?" मी कसंबसं विचारलं.

"बघू. इन्शाल्ला काय तरी होल. एक वर्सच राहिला होता." मग म्हणाला, "त्याचा नाय एवढा वाईट वाटत. रूममधल्या माणसाचा वाटतो."

त्या रूममधल्या माणसाविषयी तो काम करताना पुष्कळ बोलायचा. वर्कशॉपमधलाच पॉलिश करणारा, त्याच्याच गावचा, घराला घर लागून. त्यानेच याला इथे आणलं, नोकरीला लावलं. दोघे चौदा वर्षं एका खोलीत, रात्री एकाच ताटात जेवणारे. शुक्रवारचं काम फक्त त्याला ठाऊक होतं, आणि करू नको म्हणून तो मागे लागला होता.

"आणि कुणाला म्हायतीच नव्हता ना ताई. तोच. तोंडावर विचारला मी त्याला. कुराणावर हात ठेवायला निघाला. मी म्हटला, नको, अजून पाप कशाला करतोस? वीस दिवस झाले, बोलत नाय मी त्याच्याशी. ताट वेगळा केला. घरीपण फोन करून सांगितला, त्यांच्या घरी जायचा नाय म्हणून."

मी "मिस्त्री" म्हणाले. एवढंच म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य तयार होतं, चारच शब्दांचं. आत मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. मला वाटलं, तो आता विचारील, काय ताई? आणि मी सांगून टाकीन.

त्याने विचारलं, पण वेगळंच. इतकी वर्षं परक्या मुलखात राहिलेल्या माणसाने शिकल्यासवरल्या बाईला जसं विश्वासाने विचारावं तसं विचारलं.

"तुम्ही सांगा ताई. तुम्हाला माणसांची पारख हाय. त्यानंच सांगितला असंल ना?"

मी म्हणाले, "असेल."