पांढऱ्या टेपवरचा बोल्ट

लेथवाले काका नसते तर मी आज हातात पाना धरला नसता. हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट माझ्या चुकीची आहे. मुलुंडला आमच्या गॅरेजसमोर त्यांचा लेथ मशीनचा गाळा. माणूस मालवणचा, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

मी वाशीमकडचा. नववीत शाळा सुटली, पुढे इथे आलो, स्कूटरच्या कामाला लागलो. तिसरं वर्ष होतं. मालक गावी गेलेले, गॅरेज माझ्यावर.

एका दुपारी एक मासेवाल्या मावशी ऑइल बदलायला आल्या. "नीट कर हां पोरा. उद्या पहाटे हायवेने भाऊच्या धक्क्यावर जायचंय. येताना मागे मासळीचे दोन क्रेट, आणि मी काय बारीक दिसते का तुला?" त्या हसल्या. मीही हसलो आणि इंजिनाच्या तळाचा ऑइलचा बोल्ट आवळला. गळू नये म्हणून आणखी थोडा. भीतीपोटी मी नेहमी जास्तच आवळायचो.

आणि तो मऊ पडला.

घट्ट होत आलेला बोल्ट एकदम रिकामा फिरायला लागतो. धरलेल्या हातातला जीव जावा तसं वाटतं. काढून पाहिला, तर इंजिनाच्या अॅल्युमिनियमचे आटे तारेसारखे त्याला गुंडाळून बाहेर आलेले.

सांगायला हवं होतं. मी बोल्टला नळवाल्यांची पांढरी टेप गुंडाळली, हलकेच बसवला, ऑइल भरलं, खाली पुठ्ठा ठेवून पाहिलं. थेंब नाही. "झालं मावशी," म्हणालो. त्या गेल्या.

डबा उघडला, तसाच बंद केला. इंजिन तापलं की टेप ढिली होणार, ऑइल मागच्या चाकावर जाणार. डोळ्यांसमोर हायवे दिसायला लागला, आडवे क्रेट, पांगलेली मासळी, एक चप्पल. अजून काही झालेलं नव्हतं, पण मला ती चप्पल अगदी स्पष्ट दिसत होती.

समोर काकांचं मशीन चालू होतं. जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं.

"खंय गेली ती?"

"बाजारात असतील."

"मगे हंय कित्याक उभो रवलंस?"

ते माझ्या मागे बाईकवर बसले. बाजाराच्या तोंडाशी स्कूटर उभी होती. खाली एक काळा थेंब. आम्ही पाहत असतानाच दुसरा पडला.

"तूच सांग तिका," काका म्हणाले.

सांगितलं. मावशींनी आधी थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेल्या, मला काय मांदेलीसारखी रस्त्यावर वाळत घालणार होतास?" पण स्कूटर काकांच्या गाळ्याकडे ढकलत नेताना मागून हात त्यांनीच लावला.

काकांनी बोल्टचं भोक मोठं केलं. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे कीस इंजिनात न पडता त्यालाच चिकटतो. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा ग्रीस. मग त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंग बसवली. तेच नवे आटे. थोडं ऑइल ओतून आतला उरलासुरला कीस धुऊन काढला. शेवटी पाना माझ्या हातात दिला.

मी बोल्ट बोटांनी बसवला, मग पाना लावला.

"आवळ. आणि हातान बस म्हणान सांगल्यान की थांब."

थांबलो. मावशी गेल्यावर काका हात पुसत म्हणाले, "मी गॅरेजात होतंय तेव्हा माझ्या हातचो एक बोल्ट असोच गेल्लो. निळ्या मोपेडचो. मी गप रवलंय. तो माणूस परत कधी इलो नाय. मेलो, की दुसऱ्या गॅरेजात जाऊक लागलो, आजून ठाऊक नाय."

मावशी अजून माझ्याकडेच ऑइल बदलतात. तरी बाटलीचं झाकण लावतानासुद्धा तो मऊपणा माझ्या बोटांत येतो, आणि चप्पल दिसते. काकांचंही तसंच. रस्त्यावर जुन्या मोपेडचा आवाज आला की मशीनवरून त्यांची मान वळते.

त्यांना एवढंच आठवतं की तो माणूस भांडुपहून यायचा आणि मोपेडच्या हँडलला लाल रिबीन बांधलेली असायची. सुट्टीच्या दिवशी मी भांडुपच्या जुन्या गॅरेजांत विचारत फिरतो. काकांनी मला वेळेवर मावशींसमोर नेऊन उभं केलं. तो माणूस हयात असेल, तर एक दिवस त्याला काकांसमोर आणून उभं करीन.