मंजुळाच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

जायच्या आदल्या दिवशी सकाळी दवाखान्यातली नवीन नर्स माझ्या बायकोचं, मंजुळाचं, तोंड पुसत होती. पोरगी गुणाची, हात हलका. पुसता पुसता हनुवटीपाशी थांबली, कापसाला स्पिरिट लावलं आणि घासायला लागली. "आजी, पेनाची शाई लागलीय वाटतं. जातच नाहीये." मी काही बोलायच्या आत मंजुळानं डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता, तरी म्हणाली, "घास बाई, घास. साठ वर्षं झाली, लोकं घासत्यातच... अजून गेलं नाय." पोरगी ओशाळली, मग दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुळा गेली. नर्सशी बोलल्यानंतरही ती माझ्याशी दोन शब्द बोलली होती, पण ते पाण्याबिण्याचे. मी आपलं हेच तिचं शेवटचं बोलणं धरून चाललोय.

ती शाई नव्हती, गोंदण होतं. हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर मधोमध उभी रेघ, हातांवर कोपरापर्यंत नक्षी. आम्ही सुरगाण्याकडचे, कोकणा आदिवासी. नाशकात कोकणा म्हटलं की लोक विचारतात, "कोकणात कुठं, रत्नागिरी का?" शंभर किलोमीटरवरचे आम्ही, पण आमचं नाव यांना ठाऊक नाही. मंजुळा आठ वर्षांची असताना बाजाराच्या दिवशी गोंदणारी बाई आली. आईनं पाय धरले, मावशीनं डोकं, आणि या बयेनं गोंदणारीच्या हाताचा कडकडून चावा घेतला. सुई घसरली. म्हणून तिच्या हनुवटीचा डावा ठिपका जरा खाली होता. रडून रडून दमली तेव्हा आईनं सांगितलं, "माणूस मेलं की सोनं काढून घेत्यात, लुगडं काढून घेत्यात. गोंदण तेवढं बरोबर जातं." हे मंजुळानं जन्मभर धरून ठेवलं. मी चौथीपर्यंत शिकलो, ती शाळेत गेलीच नाही, पण शब्दाला तीच पक्की.

लग्न झाल्यावर आम्ही नाशकात पेठ नाक्यावर येऊन कामासाठी उभे राहायचो. मी हळूहळू मिस्त्री झालो, ती माझ्या हाताखाली बिगारी. गंगापूर रोडला एक बंगला आम्ही पायापासून उभा केला. वास्तुशांतीला मालकानं मला टॉवेल-टोपी करायला बोलावलं, म्हणून दोघं धुतलेले कपडे घालून गेलो. फाटकात मालकीणबाईंनी मला बघितलं, मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मागच्या दारानं या. पुढं पूजेची माणसं बसलीत." खरं सांगतो, मी वळलोसुद्धा. म्हटलं, चल ना, काय बिघडतं. मंजुळा जागची हलली नाही. "बाई, तुमचा जिना माझ्या डोक्यावरून वर गेलाय. घमेलं न् घमेलं. तेव्हा कोणतं दार होतं?" आणि ती सरळ पुढच्या दारानं आत गेली. मालकीणबाई बाजूला झाल्या. करणार काय, सांगा. मंजुळानं प्रसाद घेतला, जिन्याच्या कठड्यावर हात फिरवला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "चौथी पायरी तिरकी बसवलीस तू." लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. हट्ट मी तिच्याकडून शिकलो, आणि लाज वाटते इतक्या उशिरा शिकलो. त्याच आठवड्यात बाजारातून मी तिच्यासाठी मोठ्या टिकल्यांची डबी आणली होती... कपाळावरची रेघ झाकेल एवढ्या मोठ्या. तिनं ती डबी उघडली नाही की फेकली नाही. फळीवर ठेवून दिली.

आमचं आडनाव गायकवाड. नाशकात गायकवाड मराठेही आहेत, बौद्धही आहेत आणि आम्हीही आहोत. त्यामुळं नवा माणूस भेटला की दुसरा प्रश्न ठरलेला, "कुठले गायकवाड?" गाव विचारल्यासारखं विचारतात, पण गावाशी त्यांना काही घेणं नसतं. माझा मुलगा रमेश शिकला, सरकारी कचेरीत लागला, कॉलनीत फ्लॅट घेतला. तो उत्तर द्यायचा, "आम्ही नाशिकचेच." मी त्याला नुसता दोष देणार नाही. साहेबाची फाईल चुकली तर ती चूक, याची चुकली तर "कोट्यातला आहे ना." पंचवीस वर्षं तो सगळ्यांच्या आधी कचेरीत गेला आणि सगळ्यांच्या नंतर घरी आला. दमला होता तो. कुणी न विचारता चार दिवस जगावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण आई दारात उभी राहिली की न विचारता सगळं कळायचं. मग तो म्हणायचा, "आई, पदर जरा पुढं घे ना." पोराच्या मायेनं ती घ्यायचीसुद्धा. घरातले सगळे फोटो बघा, पदर भुवयांपर्यंत आणि तोंड अर्धं वळलेलं.

एकदाच नाही घेतला. नातीचं एका मुलाशी जमलं होतं. तिच्याच कंपनीतला, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराच्या घरचा. पोराला आमचं सगळं माहीत होतं, पण त्यानं घरी "गायकवाड" एवढंच सांगितलेलं. त्याला घेऊन त्याचे वडील आणि काका बघायला येणार होते. सकाळी रमेश आईपुढं उभा राहिला. हातात तीच फळीवरची टिकल्यांची डबी. "आई, आजच्या दिवस. पोरीसाठी." मंजुळा चिडली की आमच्या बोलीत शिरायची. म्हणाली, "माना तोंड आहा. चोरीना नाही." माझं तोंड आहे, चोरीचं नाही. डबी तिनं त्याच्याच खिशात घातली.

पाहुणे आले, पोहे झाले, चहा आला आणि वडिलांनी विचारलं, "मग, तुम्ही कुठले गायकवाड?" रमेश म्हणाला, "आता नाशिकचेच म्हणायचं." तेवढ्यात मंजुळा बाहेर आली. पदर खांद्यावर, कपाळ उघडं. समोरच्या खुर्चीत बसली. "नीट सांग की रे पाहुण्यांना. सुरगाण्याचे. कोकणा. आदिवासी." त्या गृहस्थांनी तिच्या हनुवटीकडं बघितलं आणि कप खाली ठेवला. "अहो तसं काही नाही हो आजी. आम्ही जातपात मानत नाही." मंजुळा म्हणाली, "मानत नाय, तर विचारलं कशाला, दादा?" तो पोरगा मान खाली घालून बसला होता... मला त्याचं तोंड आठवत नाही, मान तेवढी आठवते. "कळवतो" म्हणून गेले, ते गेलेच. रमेश आईला म्हणाला, "तुझ्या तोंडापायी माझ्या पोरीचं वाटोळं झालं." दोन महिने बोलला नाही तिच्याशी. नात दोन दिवस खोलीत बसून रडली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली ती आजीच्या डोक्याला तेल लावायला. म्हणाली, "बरं झालं आजी. मांडवात कळण्यापेक्षा चहातच कळलं."

मंजुळा गेल्यावर पाचव्या दिवशी रमेश मोठा फोटो करून घेऊन आला. जाड सोनेरी चौकट, मागं निळं आभाळ. मी चष्मा लावून बघितलं. गोरीपान बाई. कपाळ कोरं, हनुवटी कोरी. मी विचारलं, "ही कोण?" रमेश म्हणाला, "बाबा, काय बोलताय? आई." फोटो घेऊन मी तसाच स्टुडिओत गेलो. तिथला माणूस कौतुकानं सांगायला लागला, "चेहऱ्यावर डाग होते बाबा, सगळे साफ केले. त्याचे जादा पैसेसुद्धा लावले नाहीत." मूळ फोटो नातीच्या मोबाईलमधला, पदर मागं असताना काढलेला. तो मागितला, तर त्यातही ठिपके नसल्यासारखेच. मोबाईलच आपोआप तोंड उजळवतो म्हणे. म्हणजे कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. मालकीणबाईंना निदान तोंडानं सांगावं लागलं होतं, आता तेवढीही कुणाला गरज नाही. त्या माणसानं बिचाऱ्यानं कॉम्प्युटरवर परत ठिपके काढून दाखवले. तीन ठिपके, एका ओळीत, पट्टीनं आखल्यासारखे. मी म्हटलं, "हिनं कुणाला चावा घेतलेला नाही. ही माझी बायको नाही."

घरी आलो. रमेश म्हणाला, "बाबा, राहू द्या ना आता. किती छान दिसतेय. आता तरी..." मी म्हटलं, "तुझ्या आजीनं तिला सांगितलं होतं, गोंदण तेवढं बरोबर जातं. तिचं तेवढंही तू ठेवून घेणार का?" तो उठून आत गेला. मी ट्रंक काढली. तळाशी तिचं आधार कार्ड होतं. ते काढायला गेलो होतो तेव्हा मशीनवरचा पोरगा म्हणाला होता, "आजी, पदर मागं घ्या, कपाळ दिसलं पाहिजे." मंजुळा दिवसभर हसत होती. सगळ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कपाळ दाखव म्हणालं होतं. ते कार्ड घेऊन मी पुन्हा स्टुडिओत गेलो. तो माणूस म्हणाला, "एवढा मोठा केला तर फाटेल हो बाबा, धुरकट येईल. आणि आधारवर सगळे चोरासारखेच दिसतात." म्हटलं, "येऊ दे धुरकट. चोर तर ती नव्हतीच."

त्याला महिना होत आला. सोनेरी चौकट मी रिकामी केली आणि तिच्यात हाच फोटो बसवला. दाराच्या बरोबर समोर मीच खिळा ठोकला, मिस्त्रीच्या हातानं, ओळंबा लावून. धुरकट आहे खरा, पण रेघ दिसते, ठिपके दिसतात, डावा जरा खाली. ओठ मिटलेले, डोळे सरळ, आता काहीतरी ऐकवणार असे. दार उघडलं की आधी ती दिसते. नवा माणूस आला की तिच्याकडं बघतो आणि "कुठले गायकवाड" हे त्याच्या तोंडातच राहतं. कुणी पाणी पिऊन बसतं, कुणाला एकदम काम आठवतं. ज्याला जायचं त्यानं जावं, दार उघडंच असतं. रमेशनं फोटो काढला नाही, पण अजून त्याला हारही घातलेला नाही. घालेल. नाही घातला तरी ती काही मान खाली घालणार नाही.