अर्ध्यावर अडकलेला काटा

जो काटा खोटं दाखवत असेल अशी मनात शंका आहे, त्याच्यावर दुसऱ्याचा जीव टांगणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? जरा विचार करून उत्तर द्या — तो माणूस मी आहे. आणि हे मी आजवर कुणालाही, घरातसुद्धा, सांगितलेलं नाही.

निजामी जाऊन आता वर्ष झालं. ती जायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. अणदूरच्या एका व्यापारी सोबत्याची जुनी मोटार निजामाविरुद्धच्या आमच्या कामाला होती. पत्रकांचे गठ्ठे, कधी माणसं, तिच्यातून सरहद्दीपलीकडे सोलापूरला जात. चालवत दस्तगीरमामा. पेट्रोल मुश्किलीनं मिळायचं, आणि गाडीचा काटा पेट्रोल असलं तरी रिकामंच दाखवायचा. मामा त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. त्यांची बाभळीची काठी होती. ती टाकीत बुडवायची. काठीवर खाचा होत्या, आणि खाचांना गावांची नावं — ही नळदुर्ग, ही सरहद्दीवरचा नाका, ही सोलापूर. ओल जिथवर चढेल तिथवर गाडी जाणार.

मला त्या काठीचा राग येई. अडाणीपणा सोडा, यंत्र शिका, असं पत्रकांतून सांगणारा मी — आणि आमची गाडी चालायची बाभळीच्या फोकावर? मी काटा दुरुस्त करायला घेतला. काच ठोकली, तार घासली, काही नाही. शेवटी टाकीत तरंगून काटा हलवणारा बुचाचा गोळा बाहेर काढला. तो पेट्रोल पिऊन जड झालेला, तरंगणार कसा? उन्हात वाळवला, सोनाराकडून लाख आणून त्याला लेप दिला. पुन्हा बसवला तर काटा उलट भरलेली टाकी दाखवू लागला. गोळ्याची दांडी वाकवली, काढली, परत वाकवली. दोन दिवस गेले. हात सोलले, डोकं फिरलं.

मामा बाजेवर बसून बघत होते. "काय लेखक, पुस्तकात काय लिवलंय?"

"तुमची काठी आता चुलीत घाला, मामा."

"घालू की. पर आधी काटा काठीसंगं जुळवून बघा. काठीला लाज न्हाय वाटत, तुमालाच वाटती."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा अर्ध्यावर स्थिर उभा राहिला. मला केवढा आनंद झाला.

त्याच दुपारी गुरुजींना पलीकडे न्यायचं होतं. गुरुजी म्हणजे आमचे शाळामास्तर. त्यांच्यावर वॉरंट होतं. निघताना मामांनी विचारलं, "काठी घातली का?"

"घातली. सोलापूरच्या खाचेपर्यंत ओली आहे."

घातली नव्हती. का नव्हती? काठी कोरडी निघाली असती तर माझे दोन दिवस फुकट गेले, हे सगळ्यांसमोर मान्य करावं लागलं असतं. एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

नाका दोन मैलांवर असताना गाडी आचके देऊन थांबली. मी काट्याकडे पाहिलं — अर्ध्यावर. वाकवलेली दांडी टाकीच्या पत्र्याला अडकून बसली होती. समोरून घोड्यांवर पोलीस येताना दिसले. मी ज्वारीत पळालो. गुरुजींना पळवत नव्हतं. मामा त्यांच्याजवळ थांबले.

मामांना दोन दिवसांनी सोडलं, गुरुजींना नाही. लोक विचारू लागले — दस्तगीरच कसा सुटला? गाडी नेमकी नाक्याजवळच कशी थांबली? मला उत्तर ठाऊक होतं. मी काय केलं? पत्रक लिहिलं. 'दस्तगीर ड्रायव्हरनं जाणून पेट्रोल कमी ठेवलं आणि गुरुजींना पकडून दिलं' — नावासकट. लोकांनी ते चावडीसमोर मोठ्यानं वाचलं, पाठ केलं. इतकं धारदार मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

मामा बाजारात भेटले तेव्हा एकच विचारलं. "काठी खरंच घातली व्हती का?" मी मान खाली घालून निघून गेलो.

निजामी पडली त्या आठवड्यात माणसं माझं पत्रक हातात घेऊन मामांच्या दारात गेली. कुणी हात उगारला, कुणी दार फोडलं, ते मी पाहिलं नाही. मी घरातून बाहेरच पडलो नाही. मामा बायकोमुलांना घेऊन गेले. कुठं, ते गावात कुणालाच माहीत नाही. गुरुजी तुरुंगातून सुटून आले; दस्तगीरचं नाव निघालं की आजही थुंकतात. मी त्यांच्यासमोर बसून चहा पितो.

माझी बाजू म्हणून काही सांगायचं नाही. मला माफ करा असंही म्हणत नाही. फक्त एक करा. ते पत्रक अजून तुमच्या घरात असेल, चावडीच्या भिंतीवर असेल. फाडू नका. दस्तगीरचं नाव खोडून तिथं माझं लिहा — विश्वनाथ, मुक्काम अणदूर. आणि पहिल्यांदा वाचलं होतं तेवढ्याच मोठ्यानं, त्याच चावडीसमोर, पुन्हा वाचा.