नव्या गाडीच्या पट्ट्यात अडकलेला हार

ठाणेदार म्हणून मी कितीतरी अपघातांचे पंचनामे केले. त्यांतले बहुतेक विसरलो. अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यावरचा तो एक मात्र डोक्यातून जात नाही.

आमच्या भागातल्या एका मुलीने कबड्डीत देशासाठी सुवर्णपदक आणलं होतं. घरचे झेंडू पिकवत आणि बाजारात हार विकत. पदकानंतर काही महिन्यांतच मुलगी तेलाच्या बाटलीवर आली, कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर आली, अकोल्याच्या चौकातल्या भल्यामोठ्या फलकावर आली. टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात तिची निवड झाली. मुंबईचा एक मॅनेजर तिच्यासोबत फिरू लागला. मला याचं वावडं नव्हतं. पोरगी चड्डी घालून खेळते म्हणून ज्या गावाने नावं ठेवली, तेच गाव आता तिला खांद्यावर घेत होतं. ते मला आवडत होतं, आजही आवडतं.

अकोल्यात तिचा सत्कार झाला आणि व्यापाऱ्यांनी तिला नवी गाडी भेट दिली. त्याच दुपारी, गाव जवळ आलं असताना, त्या गाडीने रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या एका भाजीवालीला धडक दिली. बाई वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. गाडीतल्यांनीच तिला दवाखान्यात नेलं आणि मुलीचा मामा स्वतःहून ठाण्यात हजर झाला.

"गाडी मीच चालवून रायलो होतो, सायेब."

त्याच्याकडे परवाना होता, तो प्यायलेला नव्हता. त्याचा जबाब घेऊन मी स्टेशन डायरीत तशी नोंद केली.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "मामा नव्हता सायेब गाडीवर. पोरगी होती. ती गाडी चालवते असा व्हिडिओ काढून रायले होते." एवढं बोलून फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सहा साक्षीदारांचे जबाब घेतले. साऱ्यांचं एकच वाक्य: मामा चालवत होता, पोरगी मांगं बसली होती. खरं सांगणारी सहा माणसं सहा तऱ्हांनी सांगतात. कुणाला ब्रेकचा आवाज आठवतो, कुणाला रस्त्यावर सांडलेली वांगी. एकच वाक्य सहा तोंडांतून आलं, की ते कुठेतरी बसून ठरलेलं असतं. या लोकांना कुणी धमकावलं नव्हतं. आपली पोरगी टीव्हीवर जावी, म्हणून सारं गाव प्रेमाने खोटं बोलत होतं. भाजीवाली तर दवाखान्याच्या पलंगावरून मलाच दटावू लागली.

"काहून तिच्या मांगं लागले तुमी? माहा पाय जुळन. तिचं नाव मोडलं तं ते जुळन का?"

मी गाडी पुन्हा तपासली. चालकाच्या सीटबेल्टच्या बकलमध्ये झेंडूच्या पाकळ्या आणि सोपटाचा तुकडा अडकला होता. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. सत्कारातले विकतचे हार सुती दोऱ्याचे होते. सोपटात ओवलेला हार एकच होता. तो आईने घरी करून मुलीच्या गळ्यात घातला होता.

मामाला पुन्हा बोलावलं.

"पोरगी पुढे बसली होती?"

"अजिबात नाई. मांगं होती."

मी सोपट टेबलावर ठेवलं. त्याने ते बोटाने उलटवून पाहिलं.

"तिले गरमी होऊन रायली होती. हार मले देल्ला, मी घातला."

"हार घालून गाडी चालवली? नवरदेव होतास का?"

"मामा हाव मी तिचा. भाचीचा मान मामानं घेतला तं काय बिघडलं?"

हवालदार हसला. मलाही हसू आलं, पण माझा तपास तिथेच अडला. जेलमध्ये जायला निघालेल्या माणसापुढे सोपटाचा तुकडा काय करणार?

तेवढ्यात मामासोबत येऊन बाहेर बाकावर बसलेली मुलगी आत आली. मॅनेजर तिच्या मागोमाग. "मॅडम, सोमवारी शूटिंग आहे. काही बोलू नका."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मामा, बस झालं. उठ." मग मला म्हणाली, "साहेब, गाडी मी चालवत होती. माझा परवाना शिकाऊ आहे. हे मॅनेजर म्हणाले, हार घालूनच चालवा, व्हिडिओ चांगला येते. मी मोबाईलकडे पाहिलं, अन् मावशी समोर आली."

"कार्यक्रम जाईल तुझा," मी बोलून गेलो. ठाणेदाराने हे बोलायला नको होतं.

"मैदानात बाद झाली तं मी पंचाच्या शिटीची वाट नाही पाहत, साहेब. हात वर करते अन् बाहेर जाते."

गुन्हा तिच्या नावावर दाखल झाला. मामावर आणि मॅनेजरवरही कारवाई झाली. टीव्हीवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली, चौकातला फलक उतरला. कोर्टात तिने वकिलाला बाजूला सारून गुन्हा कबूल केला.

खेळाडूंनी फक्त खेळावं, झगमगाटाकडे बघू नये, असा उपदेश करणाऱ्यांची मला चीड येते. त्या फलकावर खेड्यातल्या मुलींचा हक्क आहे, इतर कुणाहूनही आधी. पण साक्षीदार भीतीने किंवा लोभाने फिरतो, एवढंच मी नोकरीभर मानत आलो. तो कौतुकानेही फिरतो, हे मला या गुन्ह्याने दाखवलं. पोलीसही फिरतो. मामाचा पहिला जबाब मी इतक्या पटकन का मानला, ते मला ठाऊक आहे. आम्ही सारे तिला वाचवायला निघालो होतो, आणि आमच्यात सगळ्यात ताठ उभी होती ती तीच.

भाजीवालीचा पाय बरा होईपर्यंत आठवडी बाजारात तिच्या जागेवर ही मुलगी बसली. बंदोबस्तासाठी गेलो, तर मोबाईल घेतलेल्या लोकांची झुंबड. ती तराजू धरून बजावत होती, "पहिले भेंडी घ्या, मंग फोटू."

मी रांगेत उभा राहिलो आणि अर्धा किलो घेतली.