मागे न जाणारी गाडी

फूलबागेच्या मागच्या अंगाला सदाशिवराव जगदाळ्यांची रोपवाटिका आहे. तिला दोन फाटकं आहेत. पुढचं आधीपासून होतं. मागचं त्यांनी भिंत फोडून काढलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, झाडांना वारा मिळावा म्हणून. खरी गोष्ट अशी की धाकटी पुढच्या फाटकातून आत आली की तिला मागच्याच फाटकातून बाहेर पडावं लागायचं. तिचा रिव्हर्स गियर कधीचाच गेला होता.

धाकटी म्हणजे त्यांची छोटी पिकअप. मुलगा समरजीत तिसरीत असताना ती दारात आली आणि घरात दुसरं लेकरू नसल्यामुळे तीच धाकटी ठरली. निळा रंग आता धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा झालाय. पण तिच्यासारखी गाडी आता कोणी बनवत नाही, हे सदाशिवराव पानाच्या ठेल्यावर कोणालाही थांबवून सांगत. हल्लीच्या गाड्यांचा हौदा माणसाच्या छातीला लागतो; कुंडी चढवायची तर फळी लावा, माणूस चढवा. धाकटीचा हौदा कमरेला. नुसतं उभं राहून, बाजूने हात घालून, मोगऱ्याची कुंडी बाळासारखी उचलून घ्यावी. पुढे एकच लांब सीट, तिघं दाटीवाटीने बसतील अशी. आणि अंग इतकं आटोपशीर की शहराच्या लष्कर भागातल्या कुठल्याही गल्लीत ती सुईतल्या दोऱ्यासारखी शिरायची.

शिरायची, पण परत फिरायची नाही. म्हणून सदाशिवरावांनी अख्ख्या शहराच्या गल्ल्या दोन जातींत वाटल्या होत्या: पार होणाऱ्या आणि न होणाऱ्या. न होणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून ते कुंड्या हातांनी आत नेत. कोणी हसलंच, तर म्हणत, "आमचे पणजोबा घोडदळात होते. जगदाळ्यांच्या जनावराला माघार घेता येत नाही."

मुन्ने मिस्त्रीने मात्र एकदा साफ सांगितलं होतं, "राव साहब, गियरबॉक्स खोल तो दूँगा. वापस बंद होगा कि नहीं, ये मत पूछना." त्या दिवसापासून सदाशिवरावांनी तो विषयच बंद केला. मागे न जाणारी गाडी चालेल. अजिबात न जाणारी कशी चालेल?

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं बजावलं. समरजीत जेवताना म्हणाला, "आबा, आता ती काढून टाकू. दसऱ्याआधी घेणारा आहे एक."

सदाशिवरावांनी ताटातली पोळी तशीच ठेवली. तेवढ्यात सून गरिमा बोलली. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. "मी चालवते ना. माहेरी कार चालवायचेच. आबा शिकवतील. मला जमली तर ठेवू, नाही तर द्या विकून."

ठरलं. सदाशिवरावांना त्या रात्री आनंदाने झोप नाही आणि काळजीनेही नाही. रिव्हर्स नाही हे कळलं, तर ही पोर दुसऱ्याच दिवशी नको म्हणेल. त्यांनी बायकोला, उषाताईंना, शपथ घातली. उषाताई म्हणाल्या, "मी नाही सांगणार. पण तुम्ही किती दिवस तिला पुढेच नेणार आहात? भोपाळ येईल."

शिकवणी सुरू झाली. गरिमाचा हात चांगला होता. ती क्लच हळुवार सोडायची, टेम्पोवाल्यांना घाबरायची नाही. बाड्याच्या चौकाला वळसा घालताना धाकटी तिच्या हाताखाली गुरगुरली, की सदाशिवरावांना वाटे, आपणच पुन्हा चाळिशीचे झालो.

"आबा, रिव्हर्स कब सिखाओगे?" तिने एकदा विचारलं.

"पुढे जायला तर नीट शिक आधी."

"पुढे तर जातेय मी."

"घाई कसली आहे? डावीकडे नको, सरळ घे. सरळ."

पुढे एकदा शांताताईंच्या मोगऱ्याच्या कुंड्या पोचवायच्या होत्या. शांताताई नया बाजाराकडच्या एका बंद गल्लीत राहतात. सदाशिवराव त्यांना वहिनी म्हणत. गल्लीचं तोंड आलं तसे ते म्हणाले, "इथेच लाव बाजूला."

गरिमाने बाजूला लावली नाही. चाक वळवलं आणि सरळ आत शिरली. शांताताईंच्या ओट्यापाशी, जिथे गल्ली भिंतीला जाऊन थांबते, तिथे तिने इंजिन बंद केलं.

कुंड्या उतरल्या. शांताताई ओट्यावर बसून मोजत होत्या. सदाशिवराव मात्र सीटवरून हलले नाहीत. गरिमा परत येऊन बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता सांगा, कसं निघायचं?"



"सूनबाई, हिचा रिव्हर्स नाही."

"मालूम है."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही चहा प्यायला उतरलात, मी टाकून बघितला. रोज वाट बघत होते, आज सांगतील, आज सांगतील."

"आणि तरी शिकत राहिलीस?"

"गाडी आवडली म्हणून. हौदा बघा ना किती खाली आहे, माझ्या एकटीच्याने सगळ्या कुंड्या उतरल्या. पण आबा, अशी नाही चालवणार मी. मुन्ने चाचांना खोलू द्या."

"नाही जमलं त्याला तर?"

"तर जाईल. असंही दसऱ्याआधी जाणारच आहे."

शांताताई ओट्यावरून म्हणाल्या, "भाऊजी, काय ते लवकर ठरवा. माझं दार अडलंय."

सदाशिवरावांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. दवाखान्यात आत नेण्याआधी आपल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाले, "बोलाव मिस्त्रीला." नंतर गल्लीतल्या माणसांनी धाकटीला उलटी ढकलत बाहेर काढली. सदाशिवराव सर्वांत पुढे, बॉनेटला खांदा लावून होते. हसणारे हसले, तेही त्यात हसले.

मुन्ने मिस्त्रीने गियरबॉक्स उघडला, तेव्हा सदाशिवराव गॅरेजकडे फिरकले नाहीत. रोपवाटिकेत बसून एकाच गुलाबाला पाणी घालत राहिले, इतकं की उषाताईंनी झारी काढून घेतली. दात झिजलेलं एक चाक सापडलं. भंगारात निघालेल्या तसल्याच एका जुन्या गाडीतून त्याचा जोड मिळाला. बसवताना मिस्त्रीने दोनदा देवाचं नाव घेतलं आणि एकदा शिवी दिली. संध्याकाळी गरिमा स्वतः धाकटीला घेऊन फाटकात आली. समरजीतने घेणाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता शांताताईंकडे कुंड्या न्यायच्या, तर गरिमा गल्लीच्या तोंडाशी थांबते, मान वळवते आणि धाकटीला उलटी आत घेते. पहिल्या खेपेला सदाशिवराव शेजारी बसले होते. रस्ता आपल्याकडे येताना त्यांनी जन्मभर पाहिला. तो असा समोरून हळूहळू दूर जाताना कसा दिसतो, हे ते विसरूनच गेले होते. गल्लीचं तोंड, पानाचा ठेला, सायकलवरची दोन पोरं, सगळं लहान लहान होत गेलं. डोळ्यांना ते धूसर दिसत होतं, पण छान दिसत होतं.

"आबा, मागे भिंत किती लांब आहे, बघा ना जरा."

"घे अजून," सदाशिवराव म्हणाले. "घे. भरपूर जागा आहे."

त्यांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं.