परत एकदा रडायला सांगा

"आईंना सांगा, परत एकदा रडायला. मघाशी आवाज नीट आला नाही."

सर असं बोलले. माझ्या तांड्यात, माझ्याच घरच्या ओट्यावर बसून, आमचा चहा पिऊन बोलले.

मी चाळिशी पार केलेली बाई. बियाण्याच्या कंपनीत नोकरी. सेनगाव, औंढा, कनेरगाव नाका, सगळा भाग गाडीवर पालथा घातला. वरच्या जागेची वेळ आली तवा साहेब म्हणले, एमबीए करा, मग बघू. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं तोवर माझ्या डोक्यावर जाऊन बसली होती. मग घातलं नाव शहरातल्या कॉलेजात. वर्गातली लेकरं मला आंटी म्हणायची. गटात कुणी घेईना. एक दिवस सरांनी ग्रामीण ग्राहकावर प्रकल्प काढला अन् भर वर्गात मला विचारलं, "तुम्ही कोणत्या समाजाच्या?" बंजारा म्हणल्यावर खूश झाले. "अरे वा. मग तुमच्याच घरी जाऊ." त्या दिवशी सगळे माझ्या गटात यायला तयार. मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

सेनगावकडच्या गोरेगावच्या पुढं आमचा तांडा. गाडी थांबली, याडी समोर आली. याडी म्हणजे माझी आई. आमच्यात लेक लई दिसांनी घरी आली की आई तिच्या गळ्यात पडून रडती. मोठ्यानं, सुरात. मधे कोण गेलं, कोण आजारी पडलं, ते सगळं त्या रडण्यात सांगती. आमची खुशाली अशीच कळती. अन् यावेळी काकी गेली होती. तिनं मला वाढवलं, तिनंच शाळेत धाडलं. तिच्या मातीला मी आले न्हाई. माझी परीक्षा होती, सोडली असती तर वर्ष गेलं असतं. याडी रडत सांगत होती, तुझी वाट बघत गेली गं, दाराकडं तोंड करून गेली. मी तिच्या खांद्यावर फुटले.

डोळे उघडले तर चौफेर मोबाईल. एक पोरगी तोंडावर हात ठेवून हसून राहिली होती. एक पोरगं म्हणलं, "एकदम लाईव्ह फोक आहे ना." अन् मग, ओट्यावर चहा झाल्यावर, सरांचं ते वाक्य.

याडीला मराठी कमीच समजती. तिनं आमच्या बोलीत विचारलं, "काय म्हणून राहिले तुझे मास्तर?" मी चहाचे कप उचलायला लागले. तर सरांनीच हातानं दाखवलं. मोबाईल, गळा, डोळे. ती समजली. ओढणी सारखी केली अन् म्हणली, "रडते की. तुझे मार्क जायला नको."

अन् तिनं दोन्ही हात माझ्या गळ्याकडं आणले.

ते हात मी मधेच धरले. "न्हाई याडी. काकीसाठी रडलीस, ते झालं. ह्यांच्यासाठी न्हाई."

सरांकडं वळले. "मोबाईल काढा सगळ्यांनी. माझ्यासमोर व्हिडिओ पुसा."

"मॅडम, भावनिक होऊ नका. मार्क माझ्या हातात आहेत."

"तुमच्या घरी माणूस गेलं तर मी येऊ का कॅमेरा घेऊन?"

एकेकानं पुसलं. मी प्रत्येकाचा मोबाईल हातात घेऊन बघितला. सर गाडीत बसले अन् काच खाली करून बोलले, "म्हणूनच तुम्ही लोक पुढे येत नाही." गाडी गेली. मला सोडूनच गेली.

"आता नापास करतील का गं?" याडीनं विचारलं.

"करतील," मी म्हणलं.

सोमवारी मी वर्गात जाणार. मागं न्हाई, पहिल्या बाकावर. प्रकल्पात शून्य देऊ द्या. नापास केलं तर तोच पेपर परत देईन, त्याच माणसासमोर बसून देईन. पदवी मला पायजे, अन् मी घेणार. याडीचं रडणं देऊन न्हाई.