दर मंगळवारी मंदावणारी लाइन

पाटोद्यात आमच्या गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे यायचे. नळाला पाणी नाही, रेशनकार्डावर नाव चुकलं, शाळेचा दाखला अडला, काहीही असो. माझं अक्षर वळणदार होतं आणि भाषा अशी, की वाचणाऱ्या साहेबाने पंख्याखाली बसूनही कपाळ पुसावं. याचा मला गर्व होता, आता कशाला लपवू. त्याच अक्षरात मी आमच्या टेलिफोनच्या लाइनमनविरुद्ध तीन अर्ज केले आणि तिसऱ्या अर्जावर त्याची तेलगावला बदली करायचं ठरलं. तो रोज सकाळी नेकनूरहून बसने यायचा आणि संध्याकाळी परत जायचा, कारण घरी त्याचे वडील होते, डोळ्यांनी पूर्ण अधू, आणि त्यांना जेवू घालणारं दुसरं कोणी नव्हतं. तेलगावहून रोज घर गाठणं शक्यच नव्हतं. अर्ज लिहिताना मला हे ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. ठाऊक होतं. मग त्याने काम नीट करावं, असं माझं म्हणणं होतं.

गावात इंटरनेट नुकतंच आलं होतं. खाली आमचं किराणा दुकान, वर आम्ही राहायचो. मी विज्ञानाची पदवीधर, आणि पुण्याच्या एका प्रकाशकाची शाळेची पुस्तकं घरी टाइप करून द्यायचे. आधी गठ्ठे एसटीच्या पार्सलने जायचे, मग प्रकाशक म्हणाले, आता ईमेलने पाठवा. काँप्युटर आला, मोडेम आला. फोनच्या लाइनवरून तो किरकिर करत जोडला जायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसायचा. चांगल्या दिवशी तो पन्नासच्या जवळ असायचा. वाईट दिवशी चौदा. चौदावर एक धडा पाठवायला लावला की माझा सगळा स्वयंपाक उरकायचा, आणि भाकरी टोपल्यात पडेपर्यंत लाइन तुटून सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. फोन उचलला तर त्यातही खरखर.

बिघाड शोधायची एक पद्धत असते आणि ती मला कॉलेजात शिकवली होती. एकेक गोष्ट काढून बघायची. दुकानातला जोडफोन काढला, यजमान चिडले. मोडेमची वायर बदलली. पहाटे जोडून बघितलं, दुपारी जोडून बघितलं. एक वही केली आणि रोजचा वेग तारीख, वार घालून लिहायला लागले. घरात काही सापडलं नाही. घर निर्दोष ठरलं म्हणजे दोष बाहेर, म्हणजे लाइनमनचा, हे मी गणितासारखं सोडवून टाकलं.

तो चाळिशीचा, मुसलमान, कमी बोलणारा माणूस. कमरेला पट्टा, पट्ट्यात पकड आणि स्क्रू ड्रायव्हर. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं, जिच्यात बाहेरून आलेली तार फोनच्या वायरला जोडलेली असते. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, जरा पाणी द्या की प्यायला." मी तांब्या घेऊन येईपर्यंत तो डबीचा शेवटचा स्क्रू पिळत होता.

"काय होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. आता चालंल."

आणि चालायचं. त्या संध्याकाळी आकडा पन्नासला टेकायचा. चार-सहा दिवसांनी पुन्हा चौदा. पुन्हा तो यायचा, पुन्हा पाणी मागायचा, पुन्हा "काय न्हाई." यातून शहाण्या माणसाने काय समजायचं? मी समजले की याच्या मनात आलं की लाइन चालते आणि याच्या मनात आलं की बसते. याला दर वेळी चहापाणी पाहिजे असणार आणि मागायची लाज वाटत असणार. मी चहा दिला नाही, अर्ज दिला.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आम्ही शंकराचे भक्त. ज्याच्यावर घर चालतं त्या वस्तूला दर सोमवारी विभूती लावायची, असा सासूबाईंचा नेम. वाटीत भस्म भिजवायचं, तीन बोटं बुडवायची आणि तराजूवर, दुकानाच्या कुलपावर, शिवणयंत्रावर तीन आडवे पट्टे ओढायचे. हे काम सुनेचं. काँप्युटर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या कामाचं यंत्र कावून उघडं ठिवलंस? त्याला बी लाव." पण काँप्युटरला पाणी लावायचं नाही एवढी अक्कल मला होती. विज्ञान शिकलेली होते ना. म्हणून मी युक्ती काढली. लाइन जिथून घरात शिरते त्या भिंतीवरच्या डबीला मी विभूती लावायला लागले. ती प्लास्टिकची, तिला काय होणार? वरच्या बाजूला तिच्या झाकणाला बोटभर फट होती, तिथूनच वायर बाहेर यायची. आणि लाइन जसजशी जास्त बिघडू लागली तसतशी मी श्रद्धेने जास्त भस्म लावू लागले, अगदी निथळेल असं.

बदलीचं ठरल्याचं यजमानांनी दुकानात ऐकलं आणि जेवताना सांगितलं. चार दिवसांत कागद हातात पडणार होता. मी म्हटलं, बरं झालं. जेवण झाल्यावर वही घेऊन बसले, म्हटलं, आपली बाजू पक्की आहे ना एकदा बघू. पानं उलटत गेले. सोमवारी सकाळी आकडा बरा. मंगळवारी चौदा. बुधवारी, गुरुवारी चौदा-सोळा, मग तो येऊन गेला की पन्नास. ज्या आठवड्यात माझी अडचण होती आणि मी विभूतीला हात लावला नव्हता, त्या आठवड्यात लाइन एकदाही बसली नव्हती. तीन महिने मी हे स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि एकदाही वाराच्या रकान्याकडे पाहिलं नव्हतं.

सुरीच्या टोकाने मी डबी उघडली. आत दोन्ही पितळी स्क्रूंवर ओलसर राखाडी थर बसला होता, एका स्क्रूपासून दुसऱ्यापर्यंत, आणि खाली हिरवट गंज चढला होता. कापडाने पुसलं, जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं केलं. मोडेम लावला. आकडा पन्नास. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतकी शरम वाटली की मी सासूबाईंनासुद्धा हाक मारली नाही.

पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी टेलिफोन ऑफिस उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. साहेबांना कागद दिला : तक्रारीचं निवारण झालं आहे, सबब अर्ज मागे घेत आहे. साहेब म्हणाले, "ताई, एवढ्यानं बदली थांबत नाही. त्याची चूक नव्हती असं लिहा, आणि मग चूक कुणाची तेही लिहा." मी तिथेच बाकावर बसून दुसरा कागद लिहिला, सगळा. भस्म, बोटं, फट, वही. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि शेजारच्या टेबलावर दिला. तिथून तो पुढच्या टेबलावर गेला. सगळं ऑफिस हसलं आणि मी ताठ उभी राहिले, कारण हसण्यासारखंच होतं. शेवटी साहेबांनी बदलीच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि सही केली.

लाइनमन मला स्टँडवर भेटला, नेकनूरहून येणाऱ्या बसमधून उतरताना. मी त्याला एका दमात सगळं सांगितलं आणि बदली रद्द झाल्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, वैनी." एवढंच. खरं सांगते, मला आणखी काहीतरी हवं होतं. म्हणून मी विचारलं, "तुम्हाला तर पहिल्याच दिवशी दिसलं असेल. मग बोलला का नाहीत?"

त्याने पट्टा सारखा केला. "पयल्या दिवशी म्हणलं, देवाचं हाय, आपण कावून बोलावं. तुमी पाणी आणाय गेलता तवर पुसून घेतलं. तुमच्या म्होरं कसं पुसू? म्हणलं, बाई घाबरून लावायचं बंद करंल, तिच्या सासूला राग यील. मंग तुमचा अर्ज आला. तवा तर बोलायची सोयच न्हाई ऱ्हायली. आमच्या देवाच्या राखंला हात लावला, असं तुमी लिवलं असतं तर तेलगाववर भागलं नसतं."

मी असं कधीच लिहिलं नसतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मला तिसरा अर्ज आठवला. पहिल्या दोन अर्जांनी काही हललं नव्हतं, तेव्हा तिसऱ्यात मी एक वाक्य घातलं होतं : हा इसम घरात पुरुषमाणूस नसताना येतो आणि बाईमाणसाला काही ना काही निमित्ताने आत पाठवतो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बदली वेगामुळे नव्हे, त्या वाक्यामुळे झाली होती, आणि लिहिताना मला ते कळत होतं.

"त्या तिसऱ्या अर्जातलं बी साहेबानं वाचून दाखवलंतं मला," तो म्हणाला. "समद्यांच्या म्होरं."

तो कामावर निघून गेला. मी घराकडे दहा पावलं चालले असेन, मग वळले आणि परत ऑफिसात गेले. साहेब चहा पीत होते. मी म्हटलं, माझा आत्ताचा कागद परत द्या, त्यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि लिहून झाली की ती मी स्वतः वाचून दाखवणार आहे, सगळ्यांसमोर.